मुंबईतले इंडी रॉक बँड आणि त्यांच्या गिग्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडी बँड म्हणजे नेमका कुठला?

जो स्वतःची गाणी स्वतः बसवतो, स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करतो आणि सिनेमा किंवा मोठी म्युझिक कंपनी पाठीशी नसताना लोकांसमोर वाजवतो, तो. हॉटेलात शनिवारी रात्री लोकांच्या फर्माइशीवर दुसऱ्यांची गाणी वाजवणारा तो कव्हर बँड. माणसं कधीकधी तीच असतात, कारण कव्हर्सवर घरभाडं निघतं.

मला एकाही बँडचं नाव माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

प्लेलिस्टपासून करू नका. एकाच रात्री तीन बँड असलेली गिग (प्रत्यक्ष वादनाचा कार्यक्रम) शोधा, तिकीट काढा आणि पहिल्या बँडच्या आधी पोचा. रेकॉर्डिंगमध्ये सगळेच बरे वाजतात. बँड किती पाण्यात आहे ते लहान हॉलमध्ये, दहा फुटांवरून, दुसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटल्यावर कळतं.

त्या रात्री एवढंच करा: तिन्ही बँडपैकी ज्याचं एक तरी गाणं परतीच्या वाटेवर डोक्यात राहिलं, त्याचं नाव लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांची रेकॉर्ड केलेली गाणी ऐका. मग त्यांचा ड्रमर आणखी कोणाकोणाबरोबर वाजवतो ते पाहा. ही युक्ती मुंबईत हमखास चालते. ड्रमर कमी आणि बँड जास्त असल्याने चांगला ड्रमर सहसा तीन-चार बँडमध्ये असतो, आणि त्याच्या मागे गेलं की तुमच्या आवडीच्या आसपासचे बँड आपोआप सापडत जातात. बेसिस्टचंही (बेस गिटार वाजवणाऱ्याचं) थोडंफार तसंच. गायकाच्या मागे जाऊन मात्र फारसं काही हाती लागत नाही, तो बहुधा स्वतःच्या बँडलाच चिकटून असतो.

गिगची बातमी वेळेवर कळत नाही. कुठे बघायचं?

बँडचं इन्स्टाग्राम पान फॉलो करून थांबलात तर पोस्ट दिसेल ती गिग झाल्यावर. पानाच्या वरच्या घंटेवर जाऊन पोस्ट आणि स्टोरी दोन्हींच्या सूचना चालू करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागांची पानं फॉलो करा: लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधलं अँटिसोशल, महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीतलं जी-फाइव्ह-ए. जागा महिन्याचा कार्यक्रम एकत्र टाकते, बँड फक्त आपला टाकतो. बुकमायशो, डिस्ट्रिक्ट आणि स्किलबॉक्स या तिन्हींवर शहर ‘मुंबई’ आणि प्रकार ‘म्युझिक’ लावून आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी, नजर टाका. तिन्ही बघायची, कारण एकाच ठिकाणी सगळं कधीच नसतं.

शुक्रवार-शनिवार बऱ्याच जागा डीजेला देतात, त्यामुळे मूळ गाण्यांच्या गिग्ज आठवड्याच्या मधल्या वारीही पडतात. ‘वीकएंडला काहीच नसतं’ ही तक्रार करणाऱ्यांनी गुरुवार बघावा.

कॉलेज फेस्टिव्हल विसरू नका. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो डिसेंबरात असतो, झेवियर्सचा मल्हार ऑगस्टच्या सुमारास. बँड स्पर्धांमध्ये पुढच्या दोन-तीन वर्षांत नाव होणारी मंडळी दिसतात. प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते आणि कॉलेजचं ओळखपत्र मागतात, तेव्हा नियम आधी वाचा.

सगळं बंद हॉलमध्येच का? मोकळ्यावर का नसतं?

होतं. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह रॉकवाल्यांचं माहेर होतं. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथेच वाढला. १९८४ ला सुरू झालेला आणि पुढे इंडस क्रीड या नावाने गाजलेला रॉक मशीन हा बँड, १९९४ चा पेंटाग्राम, या पिढीच्या ऐकणाऱ्यांना रंगभवनच्या पायऱ्या पाठ होत्या. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रंगभवनला शेजारी कॉलेजही आहे आणि रुग्णालयही, त्यामुळे तिथला आवाज बंद झाला.

उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार ही मुदत १२ पर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस बहुतेक सणासुदीलाच जातात. म्हणून महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापलूझासारख्या मोठ्या महोत्सवात इंडी बँड दुपारच्या उन्हात वाजवताना दिसतात आणि रात्रीच्या गिग्ज बंद हॉलमध्ये होतात. लोअर परळच्याच मिल कंपाउंडमध्ये २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग होतं. या शहरात चांगली जागा कायमची नसते. आवडली असेल तर ती आहे तोवर जाऊन घ्या.

तिकीट आधी काढू की दारावर?

आधी, शक्य तितकं आधी. कारण स्वस्ताईचं नाही. लहान गिगमध्ये आयोजक तीन-चार दिवस आधी किती तिकिटं गेली ते बघतो आणि त्यावर ठरवतो: साउंडवाला किती तासांसाठी, लाइट किती, पुढच्या महिन्यात या बँडला पुन्हा बोलवायचं की नाही. हॉल ऐनवेळी भरला तरी हे निर्णय आधीच झालेले असतात. ‘दारावर बघू’ म्हणणारे पन्नास जण मिळून आवडत्या बँडची गिग रद्द करवू शकतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

४९९ रुपयांची तिकिटं इतकी का दिसतात? संगीत कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावरच्यावर १८ टक्के आहे. बुकिंग फी आणि तिच्यावरचा कर मात्र वेगळा लागतो, म्हणून शेवटच्या पानावर आकडा वाढलेला दिसतो.

तिकिटाच्या तपशिलात ‘कव्हर’ आणि ‘एंट्री’ हे शब्द नीट वाचा. कव्हर म्हणजे भरलेले पैसे आत खाण्यापिण्यावर वळते होतात. एंट्री म्हणजे ते फक्त आत शिरण्याचे. इंडी गिगला बहुधा एंट्रीच असते. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेवा, मिल कंपाउंडच्या आत नेटवर्क मिळेलच असं नाही.

आणि बँडमधल्या ओळखीच्याकडे गेस्ट लिस्ट (फुकट प्रवेशाच्या यादीत नाव) मागू नका. यादीतलं प्रत्येक नाव हे त्यांचं एक न विकलेलं तिकीट असतं.

वयाची अट असते का?

जिथे दारू मिळते तिथे असते. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं. दारावर बहुतेक जागा २१ खालच्यांना सोडत नाहीत, काही जागा हातावर वेगळ्या रंगाचा पट्टा बांधून सोडतात. मूळ ओळखपत्र किंवा डिजिलॉकर लागतं, गॅलरीतला आधारचा फोटो चालत नाही. लहान असाल तर कॉलेज फेस्टिव्हल आणि नाट्यगृहासारख्या जागा बघा.

पोस्टरवर ८ लिहिलंय. किती वाजता पोचू?

आठला. पोस्टरवरची वेळ दार उघडायची असते आणि पहिला बँड अर्धा-पाऊण तासाने सुरू होतो. तीन बँडच्या रात्रीचा अंदाज असा: पहिला ३० मिनिटं, दुसरा ४०, शेवटचा तासभर किंवा थोडा जास्त. मध्ये प्रत्येकी १५ ते २० मिनिटं मांडामांड. म्हणजे मुख्य बँड साडेदहाच्या सुमारास उभा राहतो. ‘मग दहालाच जातो’ हा हिशोब बहुतेक जण करतात, आणि पहिला बँड बारा माणसं आणि त्याचे आईवडील यांच्यापुढे वाजवून जातो.

पहिल्याला चुकवू नका. गंमत अशी की साउंडचेक (गिगआधी आवाज तपासून घेणं) उलट्या क्रमाने होतो. मुख्य बँड दुपारी पहिला, सुरुवातीचा बँड सर्वांत शेवटी, दार उघडायच्या तोंडावर. त्यामुळे मंच तयार असतो तो पहिल्याच बँडसाठी, पण मुख्य बँडला वेळ लागला की कात्री त्यांच्याच साउंडचेकला लागते. पहिल्या दोन गाण्यांत आवाज डगमगला तर बँडला नावं ठेवू नका. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा.

दोन बँडच्या मध्ये इतका वेळ का लागतो?

ड्रमचा संच तोच राहतो, पण प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), सिंबल्स (धातूच्या थाळ्या) आणि किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल घेऊन येतो आणि स्टूलची उंची बदलतो. गिटारवाल्यांचे पेडलबोर्ड (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायची पेडलं) बदलतात. मग आवाजाची एकेक वाहिनी तपासायची: किक, स्नेअर, बेस, डावी गिटार, उजवी गिटार, गळा (गायकाचा आवाज). घोडं पेंड खातं ते ठरलेल्या जागी: पेडलबोर्डचा अडॅप्टर, लॅपटॉप जोडल्यावर येणारी घूंऽऽ (हा अर्थिंगचा दोष, लॅपटॉपचा चार्जर काढला की बऱ्याचदा जातो) आणि वायरलेसची संपलेली बॅटरी. मंचावर तिघंजण वाकून एकाच वायरकडे बघत असतील तर पाणी पिऊन यायला वेळ आहे.

कुठे उभं राहू? मला तर शब्दच ऐकू येत नाहीत.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा जागेत असतं.

लहान हॉलमध्ये गिटारचा अँप (तिचा स्वतःचा स्पीकर) मंचावरून थेट तुमच्या अंगावर वाजतो. गायकाचा आवाज मात्र फक्त बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून येतो. पहिल्या रांगेत मधोमध उभं राहिलात तर ते स्पीकर तुमच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून जातात आणि तुम्हाला मिळतात अँप, ड्रम आणि गायकाचे हलणारे ओठ. त्यातून गिटारचा आणि गळ्याचा जोर एकाच पट्ट्यात असतो, त्यामुळे शब्द आणखी बुडतात. साउंडवाल्याने गळा वाढवावा म्हटलं तर छताखालच्या छोट्या खोलीत गायकाच्या माइकमध्ये मागचे सिंबल्सही शिरलेले असतात. एका मर्यादेपुढे बटण वर केलं की कर्कश शिट्टी येते.

म्हणून साउंडवाल्याच्या टेबलाजवळ जा. त्याच्या दोन पावलं पुढे, थोडं बाजूला. तो जे ऐकून मिक्स करतोय तेच तुम्हाला मिळेल. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर थोडं आणखी पुढे सरका, कारण भिंतीला आणि कोपऱ्यात बेस साचतो आणि सगळं गढूळ होतं. एखादा वादक जवळून बघायचा असेल तर एक-दोन गाणी पुढे जा, मग परत या. मेटलची गिग असेल तर शब्दांचा नाद सोडा. डेमॉनिक रिसरेक्शन किंवा भयानक मौतसारख्या बँडचे शब्द आधी वाचूनच जायचं असतं.

दुसऱ्या दिवशी कानात सूंऽऽ आवाज येतो. गंभीर आहे का?

तो कानावर ताण आल्याचा इशारा आहे. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले जातात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. बंद हॉलमधली रॉक गिग सहज १०० पर्यंत जाते, तिथे हा हिशोब १५ मिनिटांवर येतो. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सूं आवाज दोन दिवसांत थांबला नाही किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा.

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे चालतात, पण ते नुसते कोंबायचे नसतात. बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. बाहेरून अर्धा दिसत असेल तर तो बसलेलाच नाही. फोममुळे वरचे स्वर जास्त कापले जातात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. महिन्याला दोन गिग होत असतील तर संगीतासाठीचे सिलिकॉनचे इअरप्लग घ्या, ते सगळे स्वर साधारण सारखे कमी करतात. लहान मुलाला नेत असाल तर कानावरचे मफ्स हवेतच.

मॉश पिटमध्ये काय करायचं?

मॉश पिट म्हणजे मंचासमोर एकमेकांना धडका देत नाचणारी गर्दी. नको असेल तर बाहेरच्या कडेला, खांबाला पाठ लावून उभं राहा. आत जायचं असेल तर बूट बंद पाहिजेत, चष्मा घरी आणि फोन चेन असलेल्या खिशात. कोपर खाली. कोणी पडलं की सगळे थांबतात आणि त्याला उचलतात, हा एकमेव नियम असा आहे की तो मोडणाऱ्याला गर्दीच बाहेर काढते. बोट दाखवून बाजूला उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही.

आणि आत शिरल्या शिरल्या बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघा. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिल्सच्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. त्या भागात संध्याकाळ घालवणाऱ्याने एवढी सवय लावून घ्यावी.

एकटीने गेलं तर चालेल?

चालतं, आणि बऱ्याच जणी जातात. साउंडवाल्याच्या टेबलाजवळची जागा इथेही उत्तम: उजेड असतो, कर्मचारी असतात. कोणी त्रास दिला तर आधी दारावरच्या किंवा बारवरच्या माणसाला सांगा, आयोजकाला शोधत बसू नका. मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा क्रमांक १०३, रेल्वेत १३९.

परत कसं यायचं?

गिग निवडतानाच हे ठरवा. लोअर परळच्या मिल कंपाउंडमधून पश्चिमेचं लोअर परळ आणि मध्यचं करी रोड दोन्ही चालत जाण्याजोगी आहेत. चर्चगेटहून शेवटची बोरिवली एकच्या सुमारास सुटते, पण मध्य रेल्वेच्या कसारा-कर्जतकडच्या लांबच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लगेच संपतात. बदलापूर-टिटवाळ्याच्या माणसाने मुख्य बँडची शेवटची दोन गाणी सोडायची तयारी ठेवावी किंवा ठाण्यात मित्राकडे मुक्काम ठरवावा. एम-इंडिकेटरवर त्या दिवसाची वेळ बघा, रविवारी मेगाब्लॉकही बघा. भुयारी मेट्रो तीन जायला झकास, पण रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते, म्हणजे परतीला उपयोग शून्य. ठाणे-बोरिवलीपलीकडे टॅक्सीचं भाडं तिकिटाच्या दुप्पट होतं, तेव्हा भाडं वाटून घेणारा सोबती आधीच शोधा.

बँडला खरी मदत कशाने होते? स्ट्रीमिंगने?

एका स्ट्रीममागे मिळणारी रक्कम रुपयांत नाही, पैशांत मोजावी लागते. एक टी-शर्ट घेतलात तर त्यातून उरणारे पैसे तुमच्या वर्षभराच्या ऐकण्याहून जास्त असतात. मर्चचं (बँडच्या टी-शर्टसारख्या वस्तूंच्या विक्रीचं) टेबल दाराजवळ असतं. मोठे आणि अगदी लहान साइज आधी संपतात, म्हणून मधल्या विश्रांतीतच घ्या आणि शेवटपर्यंत थांबू नका. यूपीआय चालतं, पण नेटवर्कमुळे अडतं, दोन पाचशेच्या नोटा जवळ असू द्या. शर्ट घरी उलटा करून गार पाण्यात धुवा आणि छापावर इस्त्री फिरवू नका.

बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवर भारतीय बँडचं गाणं भारतातून विकत घेताना पैसे अडकले तर चूक तुमची नाही. तिथले पैसे बँडला पेपालमार्फत मिळतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. बँडला सरळ संदेश पाठवा, बहुतेक जण यूपीआयवर पैसे घेऊन फाइल पाठवतात.

वाजवून झाल्यावर त्यांच्याशी बोलू का?

बोला, फक्त वायरी गुंडाळून होऊ द्या. मंच रिकामा करायला त्यांच्याकडे दहा मिनिटं असतात आणि पुढचा बँड डोक्यावर उभा असतो. ‘मस्त होतं’ एवढंच म्हणण्यापेक्षा कुठलं गाणं आणि त्यातला कुठला तुकडा ते सांगा. सेटलिस्टचा (गाण्यांच्या क्रमाचा) कागद मॉनिटरला (वादकांकडे तोंड असलेल्या स्पीकरला) किंवा जमिनीला टेपने चिकटवलेला असतो. तो हवा असेल तर विचारून घ्या, स्वतः उपटू नका, कारण त्याच टेपखाली कधीकधी केबल असते.

व्हिडिओ काढला तर आवाज फाटतो.

स्पीकरपासून लांब, साउंडवाल्याच्या टेबलाजवळून काढा. फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो, आडवा धरताना बोट त्यावर येतं. फ्लॅश बंद. एका गिगला एक गाणं पुरे. न प्रसिद्ध झालेलं नवीन गाणं असेल तर टाकण्याआधी बँडला विचारा. पूर्ण सेट डोक्यावर हात धरून काढणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचंही तिकीट ४९९ चंच असतं.

तोच बँड परत परत बघण्यात काय आहे? सेट तर तोच असतो.

गाणी तीच, पण क्रम बघा. सुरुवातीला कुठलं, शेवटी कुठलं, कुठलं गळलं. तारीख, जागा, गाण्यांचा क्रम आणि वादक बदलला का, एवढं फोनच्या नोंदीत टाका. चौथ्या-पाचव्या गिगला दिसायला लागतं की सहा महिन्यांपूर्वी अडखळत वाजलेलं, नाव नसलेलं गाणं आता शेवटी वाजतंय, मधला भाग निम्मा झालाय आणि गायकाने एक ओळ बदलली आहे. रेकॉर्ड निघेल तेव्हा ते गाणं कुठून आलं हे तुम्हाला माहीत असेल.

वेगवेगळ्या जागी बघा. पब, कॉलेजचं मैदान, बसून ऐकायचा ब्लॅक बॉक्स (छोटं, साधं नाट्यगृह). पुण्यात गिग असेल तर जाऊन या: रविवारी रात्रीची असेल तर मुक्काम करून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन कचेरीच्या वेळेला मुंबईत आणून सोडते.

पावसाळ्यात काही असतं का?

कमी, पण सगळं बंद हॉलमध्ये. जुलैत रेड अलर्ट आला की गिग दुपारी चारला रद्द होते. निघण्याआधी बँडची स्टोरी बघा, तिकिटाच्या अ‍ॅपवर रद्द झाल्याची सूचना उशिरा येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

माझा आवडता बँड वर्षभर गप्प आहे. संपला का?

बहुतेक वेळा कोणीतरी परदेशी शिकायला गेलेलं असतं, नोकरी बदललेली असते किंवा ड्रमर मिळत नसतो. जॅमपॅडला (सरावाच्या खोलीला) तासाचं भाडं पडतं आणि चौघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. त्यांच्या जुन्या पोस्टखाली ‘परत कधी?’ असं विचारा, असे दहा जण दिसले तर ते वाचतात. तोवर त्यांचा ड्रमर गुरुवारी कुठे वाजवतोय ते बघा.